गावकीतून बाहेर पडताना : किनाऱ्यावरच्या एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१

समाजमाध्यमे सोडता का येत नाहीत, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा तंत्रज्ञानाच्या नाहीतर मानसशास्त्राच्या अंगाने होते. सवय, व्यसन, एकटेपणा, कंपन्यांची धूर्त आखणी ही तिची नेहमीची उत्तरे. ती चुकीची आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु रायगडच्या किनाऱ्यावर राहून मराठी शिकविणाऱ्या आम्हा मंडळींना या प्रश्नाचे एक बरेच जुने रूप आसपास दिसत असते. माणसांच्या एखाद्या जाळ्यात आपण असणे, त्या जाळ्याला आपल्याविषयी सारे काही ठाऊक असणे आणि त्यातून बाहेर पडू पाहताच रोजचे जगणे अडून बसणे, हा अनुभव या भागाला नवा नाही. त्या जाळ्याला येथे गावकी म्हणतात. गावकीचा आणि तिच्या नातलग संस्थांचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला, तर आजच्या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी दिशा मिळते. प्रस्तुत लेखात आम्ही ती दिशा तपासून पाहणार आहोत.

आरंभ शब्दांपासून करू. एखाद्याला समूहाबाहेर काढण्यासाठी मराठीत शब्दांची रेलचेल आहे. वाळीत टाकणे, जातीबाहेर काढणे, बहिष्कार घालणे, रोटीबेटी बंद करणे, आणि या साऱ्याच्या वादंगाला मिळून ग्रामण्य. ग्रामण्य या शब्दातच ग्राम आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. परंतु आपण होऊन, कोणताही दोष माथी न घेता, समूहातून बाजूला होणाऱ्यासाठी साधा शब्द शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. परागंदा होणे यात पळून जाणे आहे, देशोधडीला लागणे यात नाश आहे. प्रतिष्ठित असा एकच शब्द उरतो आणि तो संन्यास. संन्यास घेणाऱ्याला आपले श्राद्ध आपणच करावे लागते. समूहातून मानाने बाहेर पडायचे, तर व्यवहारापुरते आधी मरावे लागे. आणि त्या दारातून परत फिरणाऱ्याला क्षमा नव्हती. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत यांची परंपरेने सांगितलेली कथा प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असते. संन्यास सोडून संसारात परतलेल्या पित्याची शिक्षा चारही मुलांपर्यंत पोचली.

दुसरा शब्द खासगी. आज आपण खासगीपणा हा प्रत्येकाचा हक्क समजतो. पण मराठी राज्यकारभाराच्या भाषेत खासगी म्हणजे राज्यकर्त्याच्या घरचा खर्च, त्याची स्वतःची दौलत. होळकरांची खासगी प्रसिद्धच आहे. सामान्य माणसाच्या वाट्याला खासगी नव्हती. त्याला फार तर आडोसा होता. आडोसा ही जागा असते, हक्क नव्हे. कोणी डोकावले म्हणून दाद मागावी, असे त्यात काही नसते. या दोन शब्दांच्या इतिहासात आपल्या विषयाची दोन्ही अंगे आली आहेत. बाहेर पडण्याला मान्यता नव्हती आणि झाकून ठेवण्याला अधिकार नव्हता.

२

एकोणिसाव्या शतकात या जुन्या व्यवस्थेच्या हाती एक नवे साधन आले, ते म्हणजे छापखाना. पुण्याचे पंचहौद प्रकरण साहित्याच्या विद्यार्थ्यांना सामाजिक सुधारणेच्या वादाचा एक प्रसंग म्हणून परिचित असते. आमच्या मते ते माहितीच्या गोपनीयतेचेही प्रकरण आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवली गेली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती धरला. खोलीतली गोष्ट खोलीत राहिली असती, तर पुढचे काहीच घडले नसते. परंतु गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या पतीने, हजर असलेल्यांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध केली. त्यानंतर तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली आणि पुणे शहर ग्रामण्यात सापडले.

येथे काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. चहा पिणे ही कृती क्षुल्लक होती आणि ती अनेकांनी पूर्वीही केलेली असणार. जातीला ती कळली नव्हती असेही नव्हे. परंतु सर्वांना ठाऊक असलेली, तरी कोणी उच्चारत नसलेली गोष्ट एक आणि नावानिशी छापलेली यादी ही निराळी. यादी छापली गेली की न पाहिल्यासारखे करण्याची सोय संपते. जुन्या समूहात माणसे एकमेकांविषयी पुष्कळ जाणत आणि त्यातले पुष्कळसे सोडून देत. हे सोडून देणे हाच त्यांचा खासगीपणा होता.

रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. सुधारकांना ते रुचले नाही आणि पुढील काळातही त्याची टीका होत राहिली. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० च्या पुस्तकात या प्रसंगाविषयी लिहिले आहे. त्यातून दिसते ते असे की, रानडे आपल्यापुरते अडलेले नव्हते. अडले होते ते त्यांचे स्नेही, आणि त्या स्नेह्यांच्या घरची माणसे. बहिष्कार एकावर घातला जातो आणि झळ लागते ती त्याच्या सासुरवाडीला, लग्नाच्या मुलीला, घरात श्राद्धाला ब्राह्मण मिळत नसलेल्या म्हाताऱ्या बापाला. समूह माणसाला धरून ठेवतो तो त्याच्या स्वतःच्या भीतीने नव्हे, तर त्याच्या माणसांच्या अडचणीने.

याच गोष्टीचे दुसरे टोक लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्यापुरता तो विचारपूर्वक केलेला निर्णय होता. लक्ष्मीबाईंनी मात्र काहीच सोडले नव्हते. तरी त्यांचे घर, संसार आणि समाजातले स्थान एका दिवसात हलले. पुढची काही वर्षे पतीपासून दूर, नातेवाइकांच्या आश्रयाने त्यांना काढावी लागली. धर्मांतराच्या आपल्या चर्चेत बाहेर पडणाऱ्याच्या मनातील घालमेल पुष्कळ येते. एकजण बाहेर पडल्यावर मागे राहिलेल्याचे काय होते, हे मराठीत लक्ष्मीबाईंइतके प्रांजळपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

ग्रामण्याचा इतिहास म्हणून स्वतंत्र पुस्तक लिहिले गेले तेही आमच्याच जिल्ह्यात जन्मलेल्या लेखकाकडून. पनवेलचे केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार, यांचे 'ग्रामण्याचा साद्यंत इतिहास' १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाचा रोख चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या वेदोक्त अधिकाराच्या वादावर आहे आणि तो उघडच एका बाजूचा आहे. तरी त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. ग्रामण्य ही धर्मशास्त्राची चर्चा फार थोड्या प्रमाणात असते. ती मुख्यतः नियंत्रणाची यंत्रणा असते, आणि ती चालविणाऱ्याला धर्मशास्त्राचे ज्ञान असावेच लागते असे नाही.

३

आता किनाऱ्याकडे येऊ. गावकीचे कामकाज कोठे लिहिलेले नसते. पंच असतात, सभा असते, देवळाचा आणि पालखीचा मान असतो, वर्गणी असते आणि दंड असतो. कोळीवाड्यात होडीवर खलाशी लागतात, शेतावर लावणीला माणसे लागतात, मयताला खांदा द्यायला चौघे लागतात. यातले काहीही एकट्याने होत नाही. गावकीची ताकद या परस्परावलंबनात आहे. तिने वाळीत टाकले म्हणजे काय होते, तर वाण्याकडे माल मिळत नाही, गिरणीवर दळण मिळत नाही, लग्नाला कोणी येत नाही आणि मयतालाही नाही. पण या शिक्षेतील खरी युक्ती वेगळीच असते. वाळीत टाकलेल्याशी जो बोलेल, त्याला दंड. म्हणजे पंचांना पहारा ठेवण्याची गरज उरत नाही. प्रत्येक घर शेजारच्या घरावर पहारा ठेवते, आणि तो पहारा द्वेषातून नव्हे, तर दंडाच्या भीतीने ठेवला जातो. उद्या निकाल फिरला, तर तीच माणसे पूर्ववत चहाला बोलावतील.

रोजगारासाठी मुंबईस गेलेला चाकरमानीही यातून सुटत नसे. गिरणगावात एका खोलीत एका गावचे दहा-वीस गडी राहत. त्यांचे मुंबई मंडळ असे आणि गावच्या कारभारात मंडळाचा शब्द चाले. गावात काय झाले ते मुंबईला कळे आणि मुंबईत कोण कोणाबरोबर हिंडतो ते गावाला. आगबोटीने धरमतरची खाडी ओलांडली म्हणजे गावकी ओलांडली, असे होत नसे. ती तुमच्या आधी चाळीत पोचलेली असे.

मात्र गावकीचे एवढेच चित्र काढणे अन्यायाचे होईल. १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतील कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते. जमिनी न कसण्याचा तो निर्धार सहा वर्षे, म्हणजे १९३९ पर्यंत टिकला. शेतीवर पोट असलेल्या माणसांनी सहा वर्षे शेत पडीक ठेवायचे, लाकूडफाटा आणि मिळेल ती मजुरी करून दिवस काढायचे, ही साधी गोष्ट नव्हे. या संपाच्या पार्श्वभूमीवर डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. एवढी एकजूट टिकली ती ज्या परस्परावलंबनातून टिकली, त्याच परस्परावलंबनातून वाळीत टाकण्याचे हत्यारही घडते. गावकी सोडणे अवघड जाते याचे हे एक कारण आहे. ती नुसती जाचक असती, तर लोकांनी ती केव्हाच टाकली असती. अडल्यावेळी धावून येणारीही तीच असते.

या हत्याराची धार बोथट झाली आहे असा समज शहरांतून होता, तो रायगडनेच खोडून काढला. २०१३ ते २०१५ या काळात जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक उजेडात आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. कारणे पाहावीत तर कुठे आंतरजातीय विवाह, कुठे जमिनीचा वाद, कुठे गावाने ठरविलेल्या उमेदवाराविरुद्ध निवडणूक लढविणे. याच सुमारास, २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी जातपंचायतींविरुद्ध मोहीम हाती घेतली होती. त्याच वर्षी २० ऑगस्टला दाभोलकरांचा खून झाला. समितीने काम पुढे चालू ठेवले.

४

बाहेर पडण्याचा प्रश्न या भूमीवर सर्वांत मूलभूत रीतीने मांडला गेला तो महाडला. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाड हे सावित्रीकाठचे जुने बंदर. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन, हे दोन्ही प्रसंग सर्वश्रुत आहेत. आंबेडकरांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये काढलेल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' होते, हेही सर्वांना ठाऊक असते. थोडे कमी ठाऊक असलेले असे की, बहिष्कार हा दंडनीय गुन्हा ठरवावा ही मागणी आंबेडकरांनी गोलमेज परिषदेपुढे ठेवली आणि तिच्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. अस्पृश्यांना मारहाण होते तेव्हा निदान कायद्याला ती दिसते. गावाने शांतपणे धान्य, काम आणि वाट बंद केली, तर कायद्याला काहीच दिसत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे ती पुढची एकवीस वर्षे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. धर्मांतर प्रत्यक्षात आले ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला. या विलंबाची अनेक राजकीय आणि वैचारिक कारणे चरित्रकारांनी दिली आहेत. आम्ही एकाच बाजूकडे लक्ष वेधू इच्छितो. आंबेडकरांना एकट्याने बाहेर पडायचे असते, तर ते येवल्याच्या दुसऱ्या दिवशीही शक्य होते. त्यांना तसे बाहेर पडणे निरर्थक वाटत होते. ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी केलेले, 'मुक्ती कोन पथे?' या नावाने ओळखले जाणारे भाषण या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. धर्म बदलल्यावर आधार कोणाचा, बळ कोठून आणायचे, याचा हिशेब त्यात समूहासाठी मांडलेला आहे. नागपूरला ते लाखोंसह बाहेर पडले. लग्न कोणाशी, मयताला कोण, सणाला काय, या प्रश्नांची उत्तरे बरोबर घेऊनच तो समूह निघाला. एकट्या माणसाला घरातून निघावे लागते. समूह निघतो तेव्हा घरच निघते.

समूहाने बाहेर पडूनही काय मागे लागते, याचे उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरा त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून आले असे सांगते. तेल गाळणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावे नवगावकर, किहीमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर अशी, किनाऱ्यावरच्या गावांची. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले. तेथे १९६२ मध्ये प्रमुख धर्मपीठाने त्यांच्या विवाहांच्या बाबतीत पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. ज्यांनी किनाऱ्यावर शतकानुशतके शनिवार पाळून आपले वेगळेपण राखले, त्यांना आई कोण, आजी कोण, तिची आई कोण, याचा जाब द्यावा लागला. आंदोलने झाली आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने हा समाज सर्व बाबतींत ज्यू आहे असा ठराव केला. देश सोडता येतो; परंतु आपल्याविषयी इतरांनी ठेवलेली नोंद आपल्यामागून येते, आणि नव्या ठिकाणी ती कोण कशी वाचील हे आपल्या हाती नसते.

५

कायद्याने या इतिहासात दोनदा हात घातला. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने समाजबहिष्कृत करण्यास मनाई करणारा कायदा केला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा समाजाच्या प्रमुखांच्या याचिकेवर तो चार विरुद्ध एक अशा मताने रद्दबातल ठरविला. धार्मिक कारणावरून सभासदाला बाहेर काढणे हा संप्रदायाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे पडले. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत विरुद्ध होते. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्या निकालाचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला. मधल्या काळात महाराष्ट्राने, मुख्यतः रायगडमधील आणि जातपंचायतींच्या प्रकरणांमुळे, २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा संमत केला. जुलै २०१७ पासून तो अमलात आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. पुढच्याच महिन्यात, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. दौलतवंतांची खासगी अखेर सर्वांची झाली.

म्हणजे समूहाने हाकलू नये आणि कोणी डोकावू नये, या दोन गोष्टींना कायद्याचा आधार मिळाला. राहिली ती तिसरी. आपण होऊन निघायचे असेल तर काय?

आजची समाजमाध्यमे या तिसऱ्या जागी उभी आहेत. ती कोणाला वाळीत टाकीत नाहीत. उलट जाणाऱ्याला पुनःपुन्हा विचारतात. फेसबुकचे खाते मिटविण्याची विनंती केल्यावर तीस दिवस परतीची वाट खुली असते आणि साठविलेले सारे पुसण्यास नव्वद दिवसांपर्यंत लागू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून कोणी गेल्यास पूर्वी ते सर्वांना दिसे. २०२२ पासून ते केवळ गटप्रमुखाला कळते. तरी मागील साठ दिवसांत कोण गेले ती यादी सभासदांना पाहता येते. पंचहौदच्या यादीची आठवण व्हावी अशी ही सोय आहे. शिवाय जो या माध्यमात कधी गेलाच नाही, त्याचाही क्रमांक त्याच्या परिचितांच्या फोनमधून तेथे पोचलेला असतो. आपली माहिती पुष्कळदा आपल्या हाती नसून आपल्या माणसांच्या हाती असते, हे गावकीला पूर्वीपासून ठाऊक होते.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नव्या अटी पुढे केल्या, तेव्हा पुष्कळांनी सिग्नल घेतले. थोड्याच दिवसांत बहुतेक जण परत जुन्याच ठिकाणी बोलू लागले. त्यांना अटी पटल्या होत्या असे नव्हे. शाळेचा गट, सोसायटीचा गट, माहेरचा गट तेथेच राहिला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेटा कंपनीला या अटींबद्दल २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अट मान्य करा, नाहीतर निघा, या पर्यायातला दुसरा भाग खरा पर्याय नाही, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. याउलट ऑर्कुट पाहा. सप्टेंबर २०१४ मध्ये ते बंद झाले, पण माणसे त्याआधीच निघून गेली होती. कोणी व्यसन सोडल्यासारखे निग्रहाने गेले नाही. मंडळी दुसरीकडे जमली, म्हणून गेली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वाळीत टाकलेल्या घरात मयत झाले असता खांदा द्यायला कोणी न येणे आणि फोनवरचा गट सोडता न येणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. तसे करणे पहिल्या दुःखाचा अपमान ठरेल. दुसराही फरक आहे. गावकीत जो तुम्हाला जाणतो, त्याला तुम्हीही जाणता. पंचाचे व्यसन, त्याचे कर्ज, त्याच्या मुलाचे प्रकरण गावाला ठाऊक असते आणि त्या माहितीचा त्याला धाक असतो. दूर देशातील कंपनीला तुमच्याविषयी जे ठाऊक आहे, त्याच्या बदल्यात तिच्याविषयी तुम्हाला काहीच ठाऊक नसते. गावकीतील माहिती माणसांबरोबर विसरली जाई. ही विसरली जात नाही.

मात्र आमच्या भागात आता ही दोन जाळी एकमेकांत गुंतली आहेत, आणि ही गोष्ट पुस्तकी नाही. गावकीची सभा, मुंबई मंडळाची वर्गणी, पालखीची वेळ, मयताची बातमी, सारे गटावर येते. वर्गातील एखाद्या मुलीला गावच्या गटात घातले गेले, की तिचा क्रमांक दोनशे अनोळखी पुरुषांच्या हाती जातो. ती गटातून निघाली, तर संध्याकाळी घरी काका विचारतात, का गेलीस, आमच्यात काय वाईट आहे? महाविद्यालयांच्या सूचना, परीक्षेची वेळापत्रके, शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख, हेही फक्त गटावर टाकण्याची प्रथा पडत चालली आहे. अशा विद्यार्थिनीला आपण मनोनिग्रहाचा उपदेश करणे म्हणजे वाळीत टाकलेल्याला स्वावलंबनाचा उपदेश करण्यासारखे आहे.

इतिहासातून आम्हाला जे दिसते ते असे. जाळे सोडणे कठीण असते ते मुख्यतः सोडणाऱ्याच्या मनाच्या दुबळेपणामुळे नव्हे, तर त्याची माणसे मागे राहतात म्हणून. तेव्हा बाहेर पडण्याचा हक्क म्हणजे आपली नाती बरोबर नेता येण्याचा हक्क. दूरध्वनीच्या बाबतीत हे आपण मान्य केले आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही आपला क्रमांक आपल्यापाशी ठेवता येतो, आणि कंपनी कोणतीही असली तरी एकमेकांशी बोलता येते. युरोपमध्ये आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१८ पासून कायद्यात आहे, आणि मोठ्या संदेशसेवांनी इतर सेवांशी जोडून घ्यावे असे बंधनही पुढच्या कायद्याने घातले. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात माहिती बरोबर नेण्याचा हा हक्क होता. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आला. बरोबर नेण्याचा गळाला. फारशी चर्चा न होता गळालेले हे कलम आमच्या मते त्या कायद्यातील सर्वांत मोठी उणीव आहे. पुसून घेण्याच्या हक्काने संन्यास घेता येतो. घर बदलता येत नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत शिक्षक म्हणून आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. सूचना फळ्यावरही लागली पाहिजे, म्हणजे जो गटावर नाही तो वर्गातून वजा होणार नाही. आणि एखाद्या विद्यार्थिनीने गट सोडला, तर का सोडला असे तिला कोणी विचारू नये, एवढे वर्गात एकदा सर्वांसमोर ठरवून घ्यावे. वाळीत टाकणाऱ्यांची सारी ताकद, बोलणाऱ्याला दंड या एका नियमात होती. जो गेला त्याच्याशी पूर्वीसारखेच बोलत राहणे, हे तो नियम मोडण्याचे सर्वांत जुने आणि बिनखर्चाचे साधन आहे.